पडद्यावरचा पाहुणा

मी पिंपळीच्या कुशाबाईंच्या घरातला एक जुना, पाठीला पोक आलेला टीव्ही आहे. मित्रांनो, तुम्ही आता भिंतीला चिकटलेले सपाट टीव्ही बघता, पण माझाही एक काळ होता. कारखान्यात मला काच बसवली, तारा जोडल्या आणि एका दसऱ्याला कुशाबाईंचे मालक संभाजीराव मला घोंगडीत गुंडाळून बारामतीहून एसटीने घेऊन आले. मला हळदकुंकू लागलं. क्रिकेटचा सामना असला की सगळी आळी माझ्यापुढे मांडी ठोकून बसायची. मग हाताहातांत मोबाईल आले आणि मला कुणी विचारेना. लेक श्रेया शिकायला पुण्याला गेली, संभाजीराव दिवसभर रानात, म्हणून तेव्हापासून एकट्या कुशाबाईच माझ्या उरल्या.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी माझ्यावर एक खास विज्ञानपट लागला. त्यात आकाशातून एक पाहुणा उतरतो. अंगात पांढरा अंगरखा, डोळ्यांच्या जागी गोल काचा. तो माणसाला गिळतो, त्याचाच आवाज काढत त्याच्या घरी जातो आणि त्याच्या बायकोला नावाने हाक मारतो. कुशाबाई निवडायची मेथी तशीच हातात धरून बसल्या होत्या. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे कुणी असं डोळे फाडून बघत होतं, म्हणून मी आपला फुशारलो होतो.

तेवढ्यात दारात सावली पडली. कुशाबाईंनी मान वळवली आणि मेथी हातातून गळाली. उंबऱ्याबाहेर पांढरा अंगरखा, गोल काचा!

"कुशा..." घोगरा आवाज आला.

उभ्या संसारात संभाजीरावांनी बायकोचं नाव कधी तोंडावाटे काढलं नव्हतं. 'श्रेयाची आय' हीच त्यांची हाक. कुशाबाईंनी झेप घेऊन दार लावलं आणि कडी घातली. खरं सांगतो, मीही भ्यालो. माझ्यातलाच तो बाहेर पडला की काय, असं मला वाटलं.

"कुशा, दार उघड. मला कसंतरीच व्हतंय."

"कोण हाईस तू? आमच्या मालकाला काय केलंस?"

"अगं, मीच हाय!"

नेमकं त्याच वेळी माझ्यातला पाहुणाही तेच म्हणत होता. आतून तेच, बाहेरून तेच. कुशाबाईंनी धावत येऊन माझी पिनच उपटली.

घर एकदम गप्प झालं. बाहेर कुणीतरी दाराला घासत खाली बसलं. उलटीचा आवाज आला. मग अगदी हळू कुणी बोललं, "बरं, नगं उघडू. पर शेरडं आत घे. वारं सुटलंय."

"अगं बया! आभाळातनं आलेल्याला माज्या शेरडांची काळजी कशाला?" असं ओरडत कुशाबाईंनी कडी काढली.

संभाजीराव दाराशी कलंडलेले होते. ते डाळिंबाला किडीचं औषध मारायला गेले होते. श्रेयाने पाठवलेला फवारणीचा पांढरा, चष्म्यासकटचा सूट त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच अंगात चढवला होता, पण तो घालायच्या आधी नेहमीच्या सवयीने औषध मात्र उघड्या हातानेच ढवळलं होतं. ते विष अंगात भिनलं आणि त्याच्या गुंगीतच त्यांच्या तोंडून बायकोचं नाव निघालं, हे मला मागाहून कळलं. शेजारच्या सौरभने गाडी काढली आणि त्यांना बारामतीच्या दवाखान्यात नेलं. तिकडे त्यांचा जीव टांगणीला लागला होता आणि इकडे मी अंधारात एकटाच होतो. अखेर ते घरी आले. अजून पावलं जरा अडखळतात, पण चालतात.

आळीतले लोक आता ही गंमत म्हणून एकमेकांना सांगतात. कुशाबाईही पदर तोंडाला लावून हसतात. मला नाही हसू येत. माझा आवाज चालू राहिला असता, तर संभाजीरावांचं ते हळू बोलणं कुशाबाईंना ऐकूच आलं नसतं. म्हणून, मित्रांनो, एकच विनवणी आहे. माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल, पण आपलं माणूस दाराशी आलं की मला आधी गप्प करा.