दोन दारांमध्ये ओर्व्हिल

आमच्या राज्यात गांजा विकणं कायदेशीर आहे, पण गावाच्या कौन्सिलकडून दुकानाचा परवाना काढणं म्हणजे अस्वलाकडे मध उसना मागणं. अख्ख्या गावाला परवाना एकच. तो मिळाला ऐली कांगसला. त्यापायी तिने राहतं घर विकलं आणि दुकानाच्या माळ्यावर पथारी टाकली. अट एकच होती: शुक्रवारी पाचच्या आत तपासणी होऊन पहिली विक्री व्हायला हवी. नाहीतर परवाना यादीतल्या पुढच्या माणसाला.

तपासणीला आला ओर्व्हिल ट्रेगियर, एकोणचाळीस वर्षं गावाचा चिटणीस. नियम त्यानेच लिहिलेले. चर्चपासून दुकानाचं अंतर त्याने तीनदा मोजलं होतं, कारण दुसऱ्या खेपेला मोजायच्या चाकाखाली खार आली आणि तिची उंची वजा करायची की नाही हे त्याला ठरवता येईना.

पहिलं गिऱ्हाईक मी. सव्वाचारला आम्ही तिघं बुटांवरचा बर्फ झटकून बाहेरच्या दारातून आत शिरलो आणि ते खट्‌कन बंद झालं. पुढे दुसरं दार. मधली जागा टेलिफोन बूथएवढी. काचेपलीकडे ऐलीची भाची सिग्ने, तिच्या बोटाखाली दाराचं बटण.

"ओळखपत्रं," सिग्ने म्हणाली.

ऐलीने दाखवलं, मी दाखवलं. ओर्व्हिलने खिशातून गावाचा शिक्का काढला, शाईची डबी काढली, दोन पेनं काढली.

"पाकीट ट्रकमध्ये राहिलं," तो म्हणाला. "मला इथे कोण विचारतं ओळखपत्र?"

"मी विचारतेय, काका."

"बरोबर करतेस, पोरी. बटण दाबलंस तर मला नियमभंग लिहावा लागेल."

"अरे, मग बाहेर जा नि घेऊन ये!" ऐली ओरडली.

"चौदावं कलम. आत आलो त्या दाराने बाहेर जाता येत नाही. बाहेर पडायचं ते दुकानाच्या मागच्या दाराने. आणि इथे माणूस उभा असेपर्यंत बाहेरूनही कुणाला आत येता येत नाही."

"हे कुठल्या गाढवाने लिहिलं?"

ओर्व्हिलने विनयाने मान खाली घातली.

साडेचार वाजले. आमच्या श्वासांनी काच धुरकटली. ओर्व्हिलचं पोट माझ्या बरगडीत, माझं कोपर ऐलीच्या कानाशी. मी खोटं बोलत नाही, शेवटी आम्ही पाळीपाळीने श्वास घ्यायला लागलो. ऐली आधी शिव्या देत होती, मग काचेला कपाळ टेकून आत बघायला लागली. काचेपलीकडे तिने स्वतः रंगवलेली फडताळं दिसत होती, हात लांब केला तर लागतील अशी.

"ओर्व्हिल," ती हळूच म्हणाली, "माझं आता दुसरं घर नाही रे."

त्याने शिक्का या हातातून त्या हातात घेतला. घड्याळात पाचला बारा कमी.

भीती वाटली की मला भूक लागते. मी कोटाच्या खिशातून पेस्टी काढली, मटण-बटाट्याची जाडजूड करंजी, बायकोने गावच्या साप्ताहिकात गुंडाळलेली. कागद उलगडला तर आतून ओर्व्हिल आमच्याकडे बघत होता! तुपकट, पण फोटो त्याचाच. खाली छापलेलं: 'गांजा दुकानांचे नवे नियम जाहीर.'

"हे घे तुझं ओळखपत्र," मी म्हणालो.

"रेनो, वेडा आहेस का? ओळखपत्र सरकारी हवं."

"मग हातात काय आहे तुझ्या?" ऐली म्हणाली. "शिक्का की बटाटा?"

ओर्व्हिल पांढराफटक पडला. दोन साक्षीदारांशिवाय त्याने जन्मात काही प्रमाणित केलं नव्हतं. त्याने ऐलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बोटांवर दोन मोजले. मग माझ्या पाठीवर कागद ठेवून लिहिलं: 'सदर इसम सदर इसमच आहे.' आम्ही दोघांनी सह्या केल्या. त्याने फोटोवर शिक्का हाणला, अगदी नाकावर.

सिग्नेने कागद निरखला. "फोटोत जरा बारीक दिसताय."

"बटण दाब, भवाने!" ऐली किंचाळली.

चार अठ्ठावन्नला दार उघडलं. चार एकोणसाठला मी गांजाच्या गोळ्यांची सगळ्यात लहान डबी विकत घेतली, आणि ओर्व्हिलने परवान्यावर शिक्का मारला. ऐली परवाना छातीशी धरून जमिनीवरच बसली.

मग आम्ही निघालो, नियमाप्रमाणे मागच्या दाराने. ते तसूभरही हलेना. छपरावरचा सगळा बर्फ घसरून दाराबाहेर पडला होता.

"नियम बदलायला हवा," ओर्व्हिल म्हणाला. "पुढच्याच बैठकीत घेतो."

"बैठक कधी?"

"एक तारखेला."

"आणि आज?"

"चार."

ऐली उठली आणि माझ्या पेस्टीचे चार सारखे तुकडे करायला लागली.