एका वेळी एकच बदल

कॅमेरा बंद पडला त्या दिवशी संध्याकाळी रोहितचा फोन आला. देवराव भोयरांना कॅमेऱ्याचं कळलं ते त्या फोनमुळेच.

"बाबा, लाइन गेली का तिकडे?"

"नाही. काहून?"

"तुम्ही दिसून नाही राहिले. स्क्रीन काळी आहे."

देवरावांनी टीव्हीच्या वर बसवलेल्या छोट्या पांढऱ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्याचा दिवा हिरव्याऐवजी लाल होता. "तांबडा लागला आहे," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. मुलाचा आवाज ऐकून बरेच दिवस झाले होते.

देवराव कोराडीच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला ऑपरेटर होते. निवृत्तीनंतर कॉलनीतलं क्वार्टर सोडून ते आणि पत्नी जयवंताबाई जवळच महादुल्यात बांधलेल्या घरात आले. जयवंताबाई गेल्या, आणि वर्षश्राद्धाला बंगळुरूहून आलेला रोहित येताना दोन वस्तू घेऊन आला: सिमकार्डावर चालणारा राउटर आणि हा कॅमेरा. केबलची तार त्या गल्लीत टिकत नसे. नाक्यावर कोळशाच्या ट्रकांना अडकून तुटायची. म्हणून सिमवाला राउटर.

त्याआधी रोहित रोज संध्याकाळी फोन करायचा. जेवले का, गोळी घेतली का, गुडघा कसा आहे. कॅमेरा लागल्यावर हे सगळं त्याला विचारल्याशिवाय दिसू लागलं. फोन दिवसाआड झाला, मग आठवड्याचा, मग सणावाराचा. एकदा त्याने नुसता संदेश पाठवला, "आज भाजी मस्त दिसून राहिली होती." देवरावांनी तो वाचला. मग फोन चार्जिंगला लावला.

आता तो फोनवर भराभर सांगत होता. राउटर बंद करून चालू करा, त्याची जागा बदला, कॅमेऱ्यात पासवर्ड परत टाका.

"एकदम नाही," देवराव म्हणाले. "एका वेळी एकच बदल. मग एक शिफ्ट पाहायचं."

"बाबा, हे पॉवर हाऊस नाही."

"फॉल्ट तो फॉल्टच असते. तीन गोष्टी एकदम केल्या अन् चालू झालं, तर कायनं झालं ते तुले कसं समजेल? पुन्हा बंद पडलं की पुन्हा अंधारातच."

कंट्रोल रूममध्ये ही पद्धत होती. तिच्यापायी नवे इंजिनियर त्यांच्यावर चिडत. रोहितही चिडला, पण बंगळुरूत बसून तो दुसरं काही करू शकत नव्हता.

पहिल्या दिवशी राउटर बंद करून चालू केला. दिवे तांबडे झाले, मग लुकलुकू लागले. ते स्थिर होईपर्यंत थांबायचं होतं आणि फोन तर चालूच होता.

"बाबा, पाटोडीच्या रश्श्यात आई खसखस टाकत होती का?"

"टाकत होती न. पण भाजून. वाटून मी द्यायचो. तू काहून विचारतो? सूनबाई नाही का घरी?"

"रितिका ऑफिसच्या कामानं चेन्नईले गेली. म्हटलं आपणच करून पाहू."

"पाटोड्या पातळ थापजो. तुह्या आईच्या जाड झाल्या की ती त्या मले वाढायची."

रोहित हसला. राउटरचे दिवे निळे झाले, कॅमेऱ्याचा तांबडाच राहिला. "उद्या पाहू," देवराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी राउटर फळीवरून काढून कॅमेऱ्याजवळ ठेवला. उपयोग झाला नाही. पाटोड्या मात्र जमल्या होत्या, फक्त खारट झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पासवर्ड नव्याने टाकला. पासवर्ड बरोबर होता, फोनवर नेट येत होतं, टीव्ही चालत होता, एकटा कॅमेराच जोडला जात नव्हता. रोहितने विचारलं, कोराडीच्या चिमण्यांची राख अजून तशीच पडते का. देवरावांनी टीव्हीवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, तशीच. संध्याकाळ झाली की ते आता फोन चार्जिंगवरून काढून खुर्चीच्या हातावर ठेवू लागले होते.

कारण सापडलं ते राखेमुळेच. सकाळी टीव्ही पुसायला त्यांनी त्याचा प्लग काढला आणि पुसता पुसता वर पाहिलं, तर कॅमेऱ्याचा दिवा हिरवा. फडकं हातात तसंच ठेवून ते थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी टीव्हीचा प्लग लावला. टीव्ही सुरू झाला, पण पडद्यावर नेट नसल्याची सूचना आली. म्हणजे एक आत आला की दुसरा बाहेर. त्यांनी राउटर उलटा केला, चष्मा लावला आणि खालची चिकटपट्टी वाचली. एकाच वेळी दहा उपकरणं, त्याहून जास्त नाही.

स्वतःच्या घरात तर तीनच होती. बाकीची कोणाची ते कळायला त्यांना वेळ लागला नाही. शेजारच्या इंदूबाईंच्या धाकट्या मुलाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, गेल्या महिन्यात झालं. गल्लीत एका घरी कार्य असलं की पाहुणे सगळ्यांचे असतात. देवरावांकडून खुर्च्या गेल्या, सतरंज्या गेल्या, पाण्याचा ड्रम गेला. आणि पाहुण्यांच्या मोबाइलला रेंज येईना म्हणून वायफायचा पासवर्डही गेला. खुर्च्या परत आल्या. पासवर्ड त्या घरातल्या मुला-सुनांच्या मोबाइलमध्ये, टीव्हीत, नातवाच्या टॅबमध्ये राहिला. भिंत एकच, रेंज भरपूर. मध्ये एकदा लाइन जाऊन आली तेव्हा सगळे एकदम आत घुसले असणार. सावकाश सुरू होणारा कॅमेरा मागे राहिला.

सगळा उलगडा झाला होता. उरलं होतं फक्त इंदूबाईंना सांगणं आणि पासवर्ड बदलणं.

त्याऐवजी देवरावांनी राउटर बंद केला, पुन्हा चालू केला आणि दिव्यांकडे पाहत बसले. कॅमेऱ्याचा दिवा पुन्हा तांबडा झाला.

संध्याकाळी रोहितने विचारलं, "काही समजलं का?"

"निरीक्षण चालू आहे."

हे उत्तर कंट्रोल रूममध्ये एखाद्या ज्युनियरने दिलं असतं, तर देवरावांनी त्याला तिथेच झापलं असतं.

"असं नाही होत बाबा," रोहित म्हणाला. "मीच येतो. शनिवारचं तिकीट पाहून राहिलो."

देवराव खुर्चीत पुढे सरकले. "येतो? सुट्टी आहे का तुले?"

"सुट्टीचं कठीणच आहे. आमच्या टीममधले चार जणं काढले. साहेब म्हणते, या महिन्यात कोणी जागचं हलू नका. पण तुम्ही दिसत नाही न, तर ध्यान लागत नाही. परवा तुम्ही फोन उशिरा उचलला, तर मले वाटलं बाथरूममध्ये पडले. समोर मीटिंग सुरू, अन् मी भलतीच फाइल पाठवून बसलो."

देवरावांनी कॅमेऱ्याच्या तांबड्या दिव्याकडे पाहिलं.

"घेऊन टाकू का तिकीट?"

"उद्या सांगतो," देवराव म्हणाले.

सकाळी ते शेजारी गेले. इंदूबाई अंगणात सुपात डाळ घेऊन बसल्या होत्या. देवरावांनी सगळं क्रमाने सांगितलं. इंदूबाईंनी सूप खाली ठेवलं.

"वायफाय वापस मागायले आले का भाऊ? दिलेलं विरजण कोणी वापस मागते का?"

"तसं नाही वं इंदूबाई. जागा दहाच आहे."

"दहा? अन् आमच्याच घरी किती मोबाइल आहे! एक जेवताना पाहते, एक झोपताना पाहते. बोलत कोणी नाही. बरं झालं, काढून टाका. पोरायले आपापलं रिचार्ज करू द्या."

"हो."

"पण शनिवारी येऊन राहिला म्हणता न रोहित? मग काहून सांगता त्याले? येऊ द्या पोराले. चार दिवस राहीन, जेवीन. मग सांगा, बाबू, हे इंदूबाईच्या घरच्यायनं केलं म्हणून. टाका माह्यावर."

"त्याची नोकरी जाईन."

"नाही जात. सगळे असंच म्हणते."

"गेली तर?" देवराव म्हणाले. "अलार्म खोटा आहे हे माहीत असताना माणसाले घरून बोलवत नाही, इंदूबाई."

इंदूबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "तुमचं ते पॉवर हाऊस सुटत नाही," त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात विचारलं, "भाजी पाठवू का, वांग्याची?"

भाजीला त्यांनी हो म्हटलं.

दुपारी त्यांनी स्वतः रोहितला फोन लावला. फॉल्ट सापडला, म्हणाले. दहाची मर्यादा, शेजारचे मोबाइल, लाइन जाणं-येणं, सगळं सांगितलं. कालच सापडला होता, हे सांगितलं नाही. रोहितच्या सांगण्यावरून त्यांनी फोनमध्ये राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं आणि पासवर्ड बदलला. मग नवा पासवर्ड आधी कॅमेऱ्यात टाकला, नंतर टीव्हीत. कॅमेऱ्याचा दिवा हिरवा झाला.

"दिसले, दिसले!" रोहित ओरडला. "बाबा, दाढी काहून नाही केली?"

"करतो."

"सुटलो बावा एकदाचा. आता कोणाले पासवर्ड देऊ नका."

"अन् शनिवारचं?"

"ते आता कायले? दिवाळीले येतो न. ठेवू? साहेबाचा फोन येऊन राहिला."

त्या संध्याकाळी देवरावांनी दाढी केली, शर्ट बदलला आणि टीव्हीसमोर जेवायला बसले. रोहितचा अंगठ्याचा संदेश आला. दुसऱ्या दिवशी तोही आला नाही. शनिवारी त्यांनी पाटोडी केली. ताट कॅमेऱ्याला दिसेल असं टीपॉयवर ठेवलं आणि सावकाश जेवले. पुढचे काही दिवस ते रोज ठरल्या वेळी दिव्याकडे बघून घेत होते. दिवा हिरवा होता. यंत्रात काहीच बिघाड नव्हता.

नंतर एका संध्याकाळी त्यांनी हॉलचा लाइट आणि टीव्ही बंद केला आणि ते गच्चीवर गेले. वीज केंद्राच्या चिमण्यांचे तांबडे दिवे लागले होते. इंदूबाईंच्या घरातून टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत होत्या. त्यांनी रोहितला फोन लावला. त्याने लगेच उचलला.

"काय झालं बाबा? कॅमेरा गेला का?"

"नाही. चालू आहे."

"मग?"

"टेस्टिंग करून राहिलो. तुले बराबर दिसते का, ते पाहायचं होतं."

"एकदम क्लियर दिसते."

"सांग बरं, मी काय करून राहिलो?"

पलीकडे कीबोर्डचा आवाज येत होता. तो थांबला नाही.

"टीव्ही पाहून राहिले न," रोहित म्हणाला. "खुर्चीत बसून."

देवरावांनी गच्चीच्या कठड्यावर हात ठेवला. कठड्यावर राखेचा थर होता.

"हो," ते म्हणाले. "बराबर आहे."

"ठेवू मग?"

"ठेव."