समुद्रावरच्या घराचं गिऱ्हाईक

तीस वर्षं लोकांच्या घरांत दिवे लावल्यावर वायरमनकाकांनी समुद्राकाठी स्वतःचं घर बांधलं, तेव्हा मागच्या दारापासून पाण्यापर्यंत चाळीस पावलं होती. अकरा वर्षांत समुद्राने आधी बाक गिळला, मग कुंपण. आता पावलं उरली होती नऊ, आणि मागच्या खोलीच्या भिंतीला तिरकी भेग पडली होती. लेक फोनवर रोज सांगायची, घर विका आणि इकडे या. मोठी भरती असली की काकू उशाशी कपड्यांची पिशवी ठेवून झोपायच्या. म्हणजे झोपायच्या नाहीतच.

शेवटी एक गिऱ्हाईक यायचं ठरलं. आदल्या दिवशी काकांनी भेगेत पुट्टी भरली, वर रंगाचे दोन हात मारले आणि पुढे कपाट सरकवलं. काकूंनी विचारलं, हे सांगणार ना त्यांना? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत काका ब्रश धुवायला गेले.  

आली ती नर्स होती, सोबत तिचे म्हातारे वडील. तिने नळ सोडून पाहिले, स्वयंपाकघराच्या मोठ्या खिडकीचं कौतुक केलं. वडील मात्र भिंतीला हात लावत थेट मागच्या खोलीत गेले. त्यांना दिसायचं कमी, पण ऐकू छान यायचं. लेकीला त्यांनी सांगूनच टाकलं, ही खोली माझी. तुझी रात्रपाळी असली की मला लाटांची सोबत होईल.

 काकांनी हातातला चहाचा कप ठेवला आणि कपाट बाजूला ओढलं.

"ताई, हे घर घेऊ नका. ही पुट्टी मी कालच भरलीय. आत बोट जाईल एवढी भेग आहे, आणि समुद्र दरवर्षी तीन पावलं पुढे येतोय."

नर्सने पुट्टीवरून बोट फिरवलं. "मग विकायला का काढलंत?"

"भीती वाटते म्हणून," काकू म्हणाल्या.

भांडण झालं नाही. नर्सने वडिलांचा हात धरला आणि ती निघून गेली. काकूंनी पुन्हा चहा टाकला. कित्येक दिवसांनी त्या काकांच्या विनोदावर हसल्या. आठवड्याभरात दोघं घराला कुलूप लावून लेकीकडे राहायला गेले.

तीन महिन्यांनी भर दुपारी जुन्या शेजाऱ्याचा फोन आला. मागची खोली स्वयंपाकघरासकट पाण्यात गेली होती.

"आत कोणी नव्हतं ना?" काकांनी आधी तेवढंच विचारलं.

कोणी नव्हतं. काकांचा जीव भांड्यात पडला. काकू आपल्या खिडकीसाठी थोडं रडल्या, मग दोघं पोटभर जेवले आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपले.

पुढच्या आठवड्यात नर्सचा फोन आला. दवाखान्यामागे तिला एक घर आवडलं होतं. मालक म्हणतो सगळं उत्तम आहे. तुम्ही एकदा वायरिंग बघाल का?

"मी तर तुम्हाला फसवणारच होतो," काका म्हणाले.

"माहितीये. म्हणून तर तुम्हाला विचारतेय."

काका दुसऱ्याच दिवशी गेले. मीटरचा बोर्ड जुना होता, अर्थिंग नव्हतंच. बाकी घर ठणठणीत होतं, आणि तसं त्यांनी कागदावर सहीनिशी लिहूनही दिलं.