नऊ प्रश्नांचा कागद

“मावशी, वर बघा. वरच बघत राहा,” असं म्हणत डॉक्टर अर्पिता मॅडमनी धुरपताबाईच्या डाव्या डोळ्यात बॅटरीचा उजेड पाडला.

सिद्धोधन मागं उभा होता. परभणीच्या या डोळ्यांच्या दवाखान्यात सोळा वर्षं गेली त्याची. पट्ट्या बांध, पेशंटला धरून आण, हेच काम. मग मॅडमनी पापणीच्या ऑपरेशनचा अभ्यास काढला. पापणी आत वळते, केस डोळ्यात टोचतात. त्यावर ऑपरेशनच्या दोन तऱ्हा. कुठली जास्त टिकते ते बघायचं. साठ पेशंट, धुरपताबाई त्यातलीच एक. दर महिन्याला एकेकाला फोन लावायचा आणि कागदावरचे नऊ प्रश्न विचारायचे. सिद्धोधनची बोली गोड, म्हणून काम त्याच्या गळ्यात पडलं.

“केस परत आत वळलेत,” मॅडम म्हणाल्या. “घासून घासून बुबुळाला जखम झालीय. कधीपासून खुपतंय?”

“दिवाळीपसून खुपायलंय की. उन्हाकडं तर बघूच देत न्हाई.”

मॅडमनी फाईल उलटली. “पाच फोन झालेत. पाचही वेळा ‘तक्रार नाही’. सांगितलं का नाही मावशी?”

“भाऊ इचारायचे की! लय मायेनं. कसं हाय मावशी? मी म्हनायचे, बरं हाय. आता तिकडं गावाला, चारठान्यात बसून फोनवर कुनापुढं रडगानं गावं? लेकीच्या बाळतपनाचंबी इचारायचे बिचारे.”

सिद्धोधन खिडकीच्या गजांकडं बघत राहिला. त्याला काय ठाऊक नव्हतं? आपल्याकडं माणूस तापानं फणफणलेला असला तरी ‘कसं हाय’ला ‘बरं हाय’च म्हणणार. ती काय तब्येतीची खबर नसते, तो नमस्कार असतो. म्हणून तर कागदावर नऊ प्रश्न होते. खुपतं का, पाणी गळतं का, उजेड सोसतो का. पहिल्या महिन्यात त्यानं सगळे विचारले. लोक कंटाळले, तोही कंटाळला. मग नुसतं ‘कसं हाय’ विचारायचं, सोयाबीनच्या चार गप्पा हाणायच्या आणि नऊ ठिकाणी ‘नाही’वर खूण मारायची.

“डाग राहणार,” मॅडम हळूच बोलल्या. “या डोळ्यानं आता धूसरच दिसेल.” त्यांनी पेन उघडलं आणि लिहिता लिहिता तोंडानं म्हणायला लागल्या, “विचारूनही पेशंटनं त्रास सांगितला नाही...”

“बराबर हाय,” धुरपताबाईनं मान डोलावली. “माजीच चुकी झाली, बाई.”

आता फक्त गप्प बसायचं होतं. एवढंच. म्हातारीनं आपणहून चूक पदरात घेतली होती.

“मॅडम, ते नका लिहू.” सिद्धोधन पुढं झाला. “मी इचारलंच न्हाई. पयल्या महिन्यात इचारलं तेवढंच. पुढच्या खुना मीच मारल्या.”

“साठही जणांच्या?”

“साठबी.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “काय बोलताय ते कळतंय का? ही सगळी पानं बाद झाली. अभ्यासाला परवानगी दिलेल्या समितीला मला कळवावं लागेल. तुमच्या नावासकट.”

“कळवा. पन मावशीवर नगा ढकलू.”

मॅडमनी चिमट्यानं टोचणारे केस काढले. औषधाची बाटली त्याच्या हातात दिली, पण त्याच्याकडं बघितलं नाही. “बाकीच्या एकोणसाठ जणांना आजच बोलवा,” एवढं म्हणून निघून गेल्या.

सिद्धोधन स्टूल ओढून धुरपताबाईसमोर बसला.

“मावशी, तुमचा डोळा माझ्यापायी गेला.”

तिनं उजवा डोळा त्याच्याकडं वळवला. मग म्हणाली, “मंग तवाच नीट इचारायचं न्हाई का, भाऊ? म्या सांगितलं असतं.”

त्यानं बाटली उचलली. पहिला थेंब नेम चुकून गालावर पडला आणि ओघळून गळ्याशी गेला. धुरपताबाईनं तो पुसला नाही. मान मागं टाकली, आपल्याच बोटानं खालची पापणी ओढून धरली आणि दुसऱ्या थेंबाची वाट बघत तशीच बसून राहिली.