चौथा वॉशर

गाडी सुरू झाली खरी, पण इंजिनातून फक्‌फक् असा आवाज येऊ लागला आणि मिस्त्रीणबाईचं टाळकं फिरलं. चारही इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नळ्या, काढून, साफ करून, खाली फट बुजवायला नवे तांब्याचे वॉशर घालून बसवायला ती आणि तिचे वडील सकाळपासून खपत होते. पहिले दोन तिचे, पुढचे दोन वडिलांचे. गाडी सुईणबाईंची. पलीकडच्या गावात एकीला कळा सुरू झाल्याचा निरोप आलेला, आणि सुईणबाई मांडीवर पिशवी घेऊन स्टुलावर घड्याळ बघत बसलेल्या.

राग हा फार घाईचा पाहुणा. डोळ्यांनी दार उघडायच्या आधीच तो जिभेवर येऊन बसतो.

"बाबा, बोल्ट सैल ठेवलेत तुम्ही!" ती कडाडली.

"मापाचा पाना लावूनच आवळलेत. आधी वॉशर बघ. जुना आतच चिकटला असेल आणि त्यावर नवा गेला असेल, तर इंजेक्टर उंचावर बसणारच आणि फटीतून हवा निसटणारच."

"मला शिकवू नका! जुने चारच्या चार वाटीत आहेत, मोजलेत मी. हात थरथरतात तुमचे, चमचाभर चहा सांडल्याशिवाय कप उचलता येत नाही, आणि म्हणे मापाचा पाना! उद्यापासून घरीच बसा. माझं नाव मातीत घालू नका."

सुईणबाईंनी मान खाली घातली. म्हाताऱ्यानं हातातलं फडकं घडी करून बाकावर ठेवलं. चाळीस वर्षं ज्या बाकाशी उभं राहून घर चालवलं, तिथून पोटच्या पोरीनं उठवलं होतं, तेही चारचौघांत.

"बसतो घरी," तो म्हणाला. "पण जाण्याआधी साबणाचं पाणी शिंपडून दाखव. बुडबुडे कुणाच्या इंजेक्टरशी येतात ते बघून जातो."

तिनं रागारागानं बाटली उचलली. चारवर शिंपडलं: काही नाही. तीनवर: काही नाही. दोनवर शिंपडलं मात्र, दूध उतू जावं तसा फेस वर आला.

दोन नंबर तिचा होता.

इंजिन बंद झालं. पाइप सुटला, बोल्ट निघाला, इंजेक्टर बाहेर आला. बॅटरी लावून तिनं आत पाहिलं. तळाशी काजळीनं काळा झालेला जुना वॉशर चिकटून बसला होता. वाकड्या तारेनं तिनं तो ओढून काढला. म्हणजे वाटीतले चार आणि हा पाचवा. चार इंजेक्टरांचे पाच वॉशर कुठून आले? कालच्या गाडीचा एक वाटीत तसाच राहिला होता.

"वाटी रिकामी करून कामाला बसायचं," म्हातारा आता भडकला, "हे मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं! हात माझे थरथरतात, पण आंधळी तू झालीस!"

"चुकले, बाबा," ती पुटपुटली.

"मला कानात नको सांगूस. ओरडलीस तेव्हा कशी गल्ली ऐकत होती!"

तिचे कान लाल झाले. राग अजून होता, पण आता त्याला जायला दुसरं घर नव्हतं. ती सुईणबाईंकडे वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "चूक माझी होती. यांचे दोन्ही इंजेक्टर चोख आहेत."

"कळलं गं बाई," सुईणबाई म्हणाल्या. "आता जोड लवकर. ते बाळ काही तुमचं भांडण मिटायची वाट बघायचं नाही."

भोक पुसून नवा वॉशर गेला, इंजेक्टर बसला. तिनं मापाचा पाना वडिलांपुढे धरला.

"तुम्ही आवळा."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे न बघता पाना घेतला, घट्ट धरला, टक् वाजेपर्यंत ओढला. गाडी सुरू झाली, आवाज एकसारखा लागला, आणि सुईणबाई धूळ उडवत निघून गेल्या.

"उद्या याल ना, बाबा?"

"येईन. कामाला येईन. तुझ्याशी बोलायला नाही."




"किती दिवस?"

"ते माझं मी ठरवीन," म्हणत त्यानं वॉशरची वाटी रिकामी केली आणि उगाचच पुन्हा एकदा तपासली.