अँपच्या पाठीचं कुंकू

आमच्या पार्टीत गाणारी थांबली तर लोकांना कळतं. ढोलक थांबला तरी कळतं. बेस गिटार थांबली तर कोणाला कळत नाही, नुसतं छातीत रिकामं रिकामं होतं. मला मात्र कळतं. ही गाण्याची पार्टी माझ्या नवऱ्यानं, नत्थुजींनी, उभी केली आणि त्यांच्या मागे मी चालवली. शाळेत कमी गेले, पण कान कोणाकडून उसने घेतले नाहीत.

कोजागिरीचा दिवस होता. संध्याकाळी अकोल्याला एका कॉलनीत कार्यक्रम. दुपारी अमरावतीला आमच्याच पुढच्या खोलीत तालीम चालली होती. मोठा कुलदीप कीबोर्डवर, त्याची बायको भावना गायला, धाकटा किशोर बेसवर. मधे चहा झाला. चहा पिऊन भावनानं देवीचं गाणं धरलं, आणि माझ्या छातीत काहीच वाजलं नाही.

"थांब वं," मी म्हटलं. "किशोर, तुहा बेस कुठी गेला?"

त्यानं तारांवर बोटं मारली. नुसती लोखंडाची टिकटिक. अँपचा, म्हणजे त्याचा आवाज मोठा करणाऱ्या डब्याचा, हिरवा दिवा मात्र लागलेला. वर दसऱ्याची झेंडूची माळ, वाळून तशीच.

"गेला वाटते," किशोर म्हणाला.

"गेला म्हनजे? बकरी हाय का दावं तोडून जाले?"

कुलदीप हसला. त्याला हसायला निमित्तच झालं. वर्षभर तो लॅपटॉप घेऊन माझ्या मागे लागला होता. त्यात बेस आधीच भरून ठेवतात, ट्रॅक म्हणतात त्याला. बटण दाबलं की माणसाशिवाय वाजतो. मी त्याला एकच सांगून ठेवलं होतं, किशोरचा अँप जिता आहे तोवर तुझा ट्रॅक वाजायचा नाही. अँप मेला की पाहू.

"आता तं मेला नं, आई," कुलदीप म्हणाला. "गाडी येऊन रायली. ट्रॅकवर जाऊ."

"मेला का झोपला, थे मी पायतो. तू नको मयताची तयारी करू."

मला धास्ती होती ती वेगळीच. ट्रॅक आला की किशोरचं इथलं काम संपलं, आणि काम संपलं की तो शेंदूरजनाघाटला गेलाच म्हणून समजा. तिथं त्याच्या सासऱ्याची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. बायको वर्षाली दसऱ्याआधीच माहेरी जाऊन बसली होती आणि तिचा बाप जावयाला रोज फोन करत होता. नत्थुजींचा पोरगा घरजावई होऊन सासऱ्याच्या रोपांना पाणी घालणार? मी जिवंत असताना?

"गिटारीची बॅटरी बदल," मी म्हटलं.

बदलली. काही नाही. वायर बदलली. काही नाही. मग तीच गिटार आणि तीच वायर कुलदीपच्या अँपात लावायला लावली. असा गुमगुमला की खिडकीची काच थरथरली. म्हणजे गिटार धड, वायर धड. रोग याच डब्यात.

"आतलं जळलं असन काही," किशोर म्हणाला. "दिवाळी झाली की दाखवू मेकॅनिकले."

"जळलं असतं तं वास आला असता. मोटर जळली तं सारं शिवार नाक धरते. याले फिरव."

"मांगं काय हाय, आई?"

"तुहा बाप पयले मांगंच पाहे. मी टॉर्च धरून उभी राहो. फिरव म्हनलं नं."

त्यानं फिरवला, पण असा, जणू कोणाचं प्रेत हलवायचं आहे. अँपच्या पाठीला दोन भोकं असतात. एकातून आवाज बाहेर जातो, दुसऱ्यातून परत आत येतो. काही लावलेलं नसलं की आतली एक पत्र्याची पट्टी दोघांना जोडून ठेवते. ती पट्टी मळली की दिवा लागतो पण आवाज मरतो. मी पेटीतून आखूड वायर काढली आणि दोन्ही भोकांत दोन टोकं खुपसली.

"वाजव."

गुम्म. पहिल्यासारखा.

"पाह्य रे कुलदीप," मी म्हटलं. "मेला म्हने."

कुलदीपचं तोंड उतरलं. किशोरचंही उतरलं, ते मी पाहिलं, पण तेव्हा मनावर घेतलं नाही. वायर ओढून पाहिली तर एक टोक लालभडक. कुंकू. तेलात कालवलेलं, ओलं.

मग मी भावनाकडे वळले. "यंदा दसऱ्याले वाद्यांची पूजा तू केली नं? मी गुडघा धरून बसली होती, म्हून तुह्या हाती ताट देलं. दिसत नाही का तुले? भोकात कुंकू भरते का कोनी? तुह्या माहेरी मिक्सरचीबी अशीच पूजा करतात?"

भावना ऐकून घेणारी नाही. मीच पाहून आणलेली आहे.

"आत्याबाई, दसऱ्याचं कुंकू इतके दिवस ओलं रायते? अन् आज चहाच्या आंधी वाजत होता, थो कसा मंग?" ती जवळ आली. "म्या टिकली लावली थे समोर हाय, जाळीवर. पाठीची पूजा कोन करते वो? ज्यानं जलमात पूजेचं ताट नाही धरलं, थोच."

चहाला आम्ही सगळे आत होतो. एकट्याचा कप पुढच्या खोलीत पाठवला होता. देव्हाराही त्याच खोलीत आहे. मी किशोरच्या हाताकडे पाहिलं. तो बोट पँटला पुसत होता आणि नखातलं लाल जात नव्हतं.

"अबे, तू?" कुलदीप म्हणाला.

"तूच म्हने नं, आई," किशोर माझ्याकडे न पाहता म्हणाला. "अँप मेला की पाहू. तो मरतच नोयता."

"अन् नाव भावनाचं झालं असतं."

तो नख खरवडत राहिला.

"बोल नं. आता तं आवाज आला."

"मले जाचं हाय. कलमं बांधतो तं मन लागते माहं. बेस मले कधीच आवडला नाही. बाबा होते म्हून वाजवला. मंग तू होती म्हून."

"थे तोंडानं सांगता येत नोयतं? देवीचं कुंकू लागलं त्याले?"

"सांगतलं असतं तं आयकलं असतं का तुमी?" हे भावना बोलली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

सुनेला उत्तर द्यायची मला सवय नाही.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. किशोर सवयीनं वाकला, अँपच्या कड्यांना हात घातला.

"ठेव," मी म्हटलं.

"आजचा कार्यक्रम करतो नं, आई."

"उपकार नको. मले पचत नाही." मी आखूड वायर उपटली, पेटीत टाकली. "कुलदीप, लॅपटॉप घे. अँप मेला."

अकोल्याला मैदानात चूल पेटली होती, वर दुधाची कढई. भावना गायली, कुलदीपनं बटण दाबलं, आणि बेस वाजला. छातीत बरोबर त्याच जागी वाजला. मी कान लावून चूक शोधत बसले. एक सापडली नाही. बायाबाप्ये नाचले. स्टेजवर किशोरची जागा रिकामी होती. मी वाट पाहत होते, कोणीतरी विचारेल, धाकटा कुठं आहे. मग मी काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

कॉलनीचे उत्तमराव दरवर्षी आम्हाला बोलावतात. ते स्वतः पेला घेऊन आले.

"मैनाबाई, यंदा आवाज काय दनदनीत हाय! मांगच्या साली असा नोयता."

मी एक घोट घेतला.

"साखर कमी हाय," मी म्हटलं.