बोलत बोलत लिहिलेला पेपर

जाळं पाण्यात पडलं की काठावर कोणी चकार शब्द काढायचा नाही, हा मुलचेऱ्याकडच्या ढिवर मासेमारांचा कायदा. इस्तारीनं तोच कायदा लेकीच्या अभ्यासाला लावला.

साधना दोन वर्षांपूर्वी बारावीच्या भर पेपरातून उठून पळाली होती. जवळ कोणी नसताना तिला माणसं बोललेली ऐकू यायची. अंगारे-धुपारे झाले, मग गडचिरोलीचे डॉक्टर झाले, आणि गोळ्यांनी पोर सावरली. आता ती पुन्हा परीक्षेला बसणार होती. "शिकून कोणते दिवे लावणार?" म्हणणाऱ्यांना इस्तारीनं दारातूनच वाटेला लावलं.

त्यानं सगळा मोहल्ला गप्प केला. टीव्ही बंद, पोरं तलावावर, बायको गोकुळा भांडीसुद्धा चोरासारखी घासायची. आणि साधना पुस्तकावर डोकं टेकून रडायला लागली.

"बाबा, इतकं चूप राह्यलं का थे आवाज आनखी मोठे होतेत. तू बोलत राह्य नं!"

इस्तारी ओशाळला. पोरीसाठी अख्खा मोहल्ला गप्प केला, पण पोरीला विचारलंच नव्हतं. मग तो तिच्याजवळ जाळं विणत बसू लागला. ती मोठ्यानं इतिहास वाची, आणि लढाई आली की हा विचारी, "मंग, जितलं कोन?"

पण परीक्षेत तर सगळंच चिडीचूप. तिथं पोर पुन्हा पळाली तर? इस्तारी थेट कॉलेजात गेला. तिथल्या नीलिमा मॅडमनी डॉक्टरांचा दाखला बोर्डाकडे धाडला, चार फोन केले, आणि साधनाला वेगळी खोली मिळाली. तिथं तिला मोठ्यानं वाचत लिहिता येणार होतं.

पेपरच्या दिवशी इस्तारी कुंपणाबाहेर उभा राहिला. खिडकीतून लेकीचा आवाज येत होता. मधेच तो आवाज थांबला. इस्तारी कुंपणाशी सरकला. हाक मारावी तर कॉपीचा आळ यायचा. त्यानं कुंपणाची तार घट्ट धरली.

आतून साधना कडाडली, "चूप बसा सारे! मी पेपर लिहून राह्यली!"

खोलीत तर पर्यवेक्षक बाईंशिवाय कोणीच नव्हतं. ती कोणाला दटावतेय ते इस्तारीला कळलं. पुढचा प्रश्न ती खणखणीत वाचू लागली, तेव्हा त्याचे डोळे भरून आले.

शिपायानं हटकलं, "ओ भाऊ, इथी काऊन उभे? बोलू नका."

"मी तं चूपच आहो," इस्तारी छाती काढून म्हणाला. "बोलून राह्यली थे माही पोरगी."